कशाच्या मापानं

बायाक्का मगदूम, निपाणी.
चिठ्ठीवर नाव कानडीत, आजार इंग्रजीत,
मेणात नखाएवढा गाल, अकरा वर्षांपूर्वीचा.

फॉर्मालिननं आरएनएचा पार जर्दा केलाय.
तरी मोजायचंय,
पण कशाच्या मापानं?
अ‍ॅक्टिन स्थिर म्हणतात; गाठीत तेही सैल सुटतं.
गॅपडीएच तर भुकेल्या पेशीत दुप्पट.
बारा जनुकं तपासली, दोनच जागेवर राहिली,
कधी नाव न ऐकलेली.
वैजयंता मॅडम म्हणाल्या, एकावर विसंबू नकोस.

संध्याकाळी शहापुरात कांदे घेताना
काट्यावरच्या दगडाकडे बोट दाखवून विचारलं,
हा किलोच कशावरून?
"दुसऱ्या किलोसंगट तोलून बघतो की."
आणि तो दुसरा?

त्यानं दोन कांदे वर टाकले.