बारदान

वाशी, सेक्टर सतरा. खाली झेरॉक्सवाला, वर माझा दवाखाना.
दवाखाना म्हणू नये खरं तर, इथे औषध मिळत नाही.
एक टेबल, एक स्टॉपवॉच,
नऊ लाल-पांढरे ठोकळे, एकाचा कोपरा कुणीतरी चावलेला.

ईश्वरी सपकाळ, वय नऊ वर्षं दोन महिने,
मागच्या मंगळवारी तासभर बसली होती.
संत्रं आणि केळं, दोघांत सारखं काय?
"दोन्ही बाबांकडे नाही मिळत. बाबा कांद्यात आहेत."
मी शून्य लिहिलं. पुस्तिकेत तसंच आहे.

आज वडील अहवाल न्यायला आले.
कांदा-बटाटा मार्केटात मापाडी, वीस वर्षं.
खिशाला पेन, भुवयांवर फोलपटांची बारीक धूळ.
एकाहत्तर, मी म्हटलं,
आणि नेहमीची वाक्यं काढली: सवलत, जादा वेळ, प्रमाणपत्र.
त्यांनी बोट वर केलं.
"मॅडम, हे बारदानासकट की बारदान वगळून?"

मला कळलं नाही.
"गोणीचं वजन हो. ते आधी वजा करतात.
पोरीला त्या दिवशी कणकण होती. पहाटे पाण्याला उठलेली.
आणि तुमचं बोलणं तिला पुस्तकासारखं लागतं, म्हणत होती."

खाली मशीन पानं ओकत होतं.
अहवालात 'इतर' पुढे जागा एका ओळीची.

मग म्हणाले, माझंही करा, पैसे देतो.
चौथीत मास्तरांनी मला ढ म्हणून बाकावर उभं केलेलं.
माझ्याकडूनच आलं असेल तिच्यात, तर कागदावर दिसू दे.

आकडे उलटे म्हणा: चार, नऊ, एक, सात.
त्यांनी डोळे मिटले. हात टेबलाखाली गेला,
बोटं चालली, रुमालाखाली भाव ठरतो तशी.
सात, एक, नऊ, चार.
पाच आकडे. सहा. सात.
आठांना वाचताना मीच अडखळले.

ठोकळ्यांशी मात्र अडले.
या घड्याळाची टिकटिक बंद होते का, विचारलं.
होत नाही.

आपला आकडा त्यांनी मागितलाच नाही.
पेन्सिल परत ठेवताना एवढंच:
"तुमचा किती?"

एम.ए.ला असताना आम्ही एकमेकींच्या चाचण्या घेतल्या होत्या.
मला कणकण नव्हती. भाषा घरचीच होती.
आईनं डब्यात शिरा दिलेला.

"आठवत नाही," मी म्हटलं.

आठवतो.