पाण्यापलीकडची अक्षरं

आमच्या गावाचं नाव तेहतीस.
खरंच, आकड्याचंच गाव. परदेशी पाहुणे हसतात,
मी रागावत नाही.
माझंही पोट मोजण्यावरच चालतं:
काचेवर आखलेल्या चौकटी, चौकटींत पेशी.

फेब्रुवारीत भाताच्या खाचरांवर
संध्याकाळ उतरते ती गुणगुणतच.
एबेर लार्रोसाचा फोन आला तेव्हा मी जेवत होते.
"करडी भिंतीला डोकं लावून उभी आहे, डॉक्टर.
सकाळी हौदावर गेली
आणि प्यायचं कसं तेच विसरली."

माझ्या पुस्तकांत याला लांबलचक ग्रीक नावं आहेत.
एकही इतकं नेमकं नाही.

खालचा ओठ लोंबलेला. फिरायची ती डावीकडेच,
कुठे न दिसणाऱ्या खुंटीला बांधल्यासारखी.
मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले,
आमच्याकडे वटवाघळंही चावतात,
आणि रेबीज लाळेतून येताना
दार वाजवत नाही.

दोन्ही खुब्यांच्या मधोमध, पाठीच्या कण्यावर,
बोटाला एक खळगा लागतो.
तिथले केस भादरले. तीनदा धुतलं.
एबेरनं शेपूट धरली, डोकं त्याच्या पुतण्यानं,
वाशिंग्तोन नाव, वय चौदा, पाय लटपटणारे
घोडीच्या पायांइतकेच.

सुई चांगली वीतभर.
कातडी, स्नायू, मग एक चिवट पडदा,
इथवर सुई काही सांगत नाही.
मग घोडीच सांगते:
शेपटीचं बूड आखडतं,
मागचा पाय एकदा झटकतो.
मी आतली तार ओढून काढली
आणि थांबले.

माशा होत्या. एबेर काहीतरी पुटपुटत होता,
तिच्याशी की देवाशी, कळलं नाही.

आला थेंब.
दुसरा.

नळी भरली तेव्हा तिच्यामागे
कालचा पेपर धरला.
निरोगी पाण्यातून सगळं वाचता येतं,
गुरांच्या लिलावाचे बारीक भावसुद्धा.
या पाण्यातून मथळा दिसला.
भाव दिसले नाहीत.

पुढचं काम अर्ध्या तासाचं,
हे पाणी पेशींना फार वेळ सांभाळत नाही.
म्हणून सूक्ष्मदर्शक पिकअपच्या फळीवरच मांडला.
पाच-सहा असत्या तर बरं म्हटलं असतं.
तेहतीस असत्या
तर गावाच्या नावानं एक विनोद केला असता.
एकशे सत्तावीस.
पुन्हा मोजल्या. एकशे एकतीस.

उरलेलं पाणी बर्फात घालून
रात्रीच्या बसनं राजधानीला.
ड्रायव्हरनं डबा ठेवला
आपल्या येर्बा मातेच्या थर्मासशेजारी,
विचारलं, "आत काय?"
म्हटलं, "घोडीच्या कंबरेतलं."
त्यानं थर्मास उचलून दुसरीकडे ठेवला.

करडी तिसऱ्या रात्री गेली.
आडवी पडून पाय मारत होती,
धावत असावी कुठेतरी.

कुंपणापलीकडून दिओनिसिया ओरडली:
पुरू नका, जाळा, आमची जनावरं मारेल ती!
एबेरनं माझ्याकडे पाहिलं.
माझ्याकडे फक्त एक आकडा होता,
कारण अजून बसमध्ये होतं.

अहवाल आला पाचव्या दिवशी.
मेंदूचा दाह, पश्चिमी जातीचा विषाणू,
ताजी प्रतिपिंडं, रेबीज नाही.
"आता कशाला?" एबेर म्हणाला.
तरी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
बारीक अक्षरं त्याला लागत नव्हती.
मी वाचून दाखवलं,
आणि जे त्यात लिहिलेलं नव्हतं तेही सांगितलं:
हा रोग पाखरांतून डासांत, डासांतून घोड्यांत येतो,
घोड्यापाशी त्याचा रस्ता संपतो.
तिच्या रक्तात डासाला पुढे न्यायला
पुरेसं काही नसतं.
म्हणजे करडीनं कुणालाच काही दिलं नाही.

"हे मोठ्यानं म्हणा," तो म्हणाला.
कुंपणाकडे तोंड करून
मी मोठ्यानं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लसीला बावीस घोडी.
सगळ्यांत शेवटी दिओनिसिया आली,
एक तांबडं शिंगरू घेऊन,
बोलली काहीच नाही.
शेपूट तिनंच धरली.