आवृत्ती ब

जाहिरातीत होतं: अनुभव शून्य ते दोन वर्षं.
मी शून्य.
मुलाखतीत रामिरो सेओआने यांनी विचारलं,
स्क्रू आणि बोल्ट यांत फरक काय?
मी बोलत राहिले, ते बोलू देत राहिले,
खिडकीबाहेर धक्क्यावर पावसात एक बोट रिकामी होत होती.
मग म्हणाले, सोमवारी ये. बूट न घसरणारे घाल.

पहिला महिना फायलींची नावं बदलण्यात गेला.
'अंतिम', 'अंतिम-नवं', 'हेच-खरं-अंतिम'
अशी नावं ठेवून कुणीतरी निवृत्त झालं होतं.

मग एक काम आलं. काम कसलं, झाकण.
शिंपले वाहणाऱ्या पट्ट्याच्या टोकाशी
दोन दातेरी चाकं, त्यांच्यावर पत्र्याचं कवच:
दोन मिलिमीटर स्टेनलेस, तीन घड्या, चार बोल्ट.
खालच्या चौकटीत, आराखडा कुणी काढला त्या रकान्यात,
माझी आद्याक्षरं. अं. रो.
फोटो आईला पाठवला.
तिनं विचारलं, कसलं झाकण? डब्याचं?
मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

तीन आठवड्यांनी रिबेइराच्या कारखान्यातून फोन:
तुमचं कवच जागेवर राहत नाही.
जाऊन बघ, रामिरो म्हणाले. बोलू नकोस, बघ.

वाफ. व्हिनेगर. पायाखाली पाणी.
पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत डोरिंडा.
एप्रनच्या खिशात नातवाच्या सायकलचा पाना.
माझे चार बोल्ट तिनं अर्ध्या मिनिटात काढले,
कवच भिंतीच्या खिळ्याला अडकवलं
आणि त्यावर आपला रेनकोट टांगला.

रोज? मी विचारलं. (बोलायचं नव्हतं.)
रोज. सहा वाजून पाच मिनिटांनी.
धोका आहे हो.
तिनं डावा हात वर केला.
मधलं बोट एक पेर आधीच संपत होतं.
हेच चाक, म्हणाली. एकोणीस वर्षं झाली.

मग तिनं दाखवलं:
कवचाखाली शिंपल्यांच्या कपच्या अडकतात,
पट्टा थांबतो, फिटर येईपर्यंत मुकादम घड्याळ बघतो,
आणि कुणीतरी हात घालतं.
ती डावरी. माझं कवच उजवीकडून उघडत होतं,
तेही बोल्ट काढले तर.
माझ्या आराखड्यात सगळं मापात होतं.
माणूस तेवढा नव्हता.

मी टेप काढली.
कोपर ते बोटांचं टोक, मनगटाचा घेर,
मग तेच पुन्हा ओले रबरी हातमोजे घालून.
ती खदखदून हसली. रांगेत ओरडून सांगितलं,
माझ्या लग्नाला शिंपिणीनंसुद्धा एवढं मोजलं नव्हतं!

आवृत्ती ब:
डावीकडे बिजागरी. उघडलं की चाकं थांबणार.
मूठ जाड, हातमोज्याच्या मुठीत मावेल अशी.
खाली उतरती फट, कपच्या आपोआप पडाव्यात,
हाताला आत जायचं कारणच उरू नये.
'बदलाचं कारण' या रकान्यात मी लिहिलं: डोरिंडा.
रामिरोंनी ते खोडून लिहिलं: हाताळणीत सुधारणा.
खोडलेला कागद माझ्या खणात आहे.

बसवून महिना झाला. फोन नाही.
फोन न येणं हीच आपल्या धंद्यातली शाबासकी,
रामिरो म्हणतात.
असेलही. की तिनं मोठा पाना आणलाय?

गुरुवारी पहाटेची बस धरणार आहे.
सहा वाजून पाच मिनिटांनी तिथं असायचंय,
तिचा रेनकोट कुठे टांगलाय
ते बघायला.