साडेनऊचा दिवा

रोज रात्री साडेनऊला
पोर्टवरचा हिरवा दिवा विझतो.
राउटर बंद-चालू केला, पोर्ट बदलला,
कंपनीच्या बाईचं तेच ते ऐकून घेतलं.
कुर्ल्याहून डेन्झिल आला,
दोन्ही टोकं कापून नवे कनेक्टर चिमटून बसवले.
टेस्टरवर आठही दिवे ओळीने पेटले.
“वायर चोख आहे,” म्हणाला, तीनशे घेऊन गेला.
तेव्हा दुपार होती.

आज मीच बॅटरी घेऊन
भिंतीकडेने रांगत निघालो,
फ्रिजमागून, शिलाई मशीनखालून,
काळाचौकीची ही एवढीशी खोली संपली
ती इंदुआत्याच्या फोल्डिंग खाटेपाशी.
खाटेचा डावा पाय वायरवर.

तिने कूस बदलली.
दिवा लागला,
परत गेला.

फाईल एक्केचाळीस टक्क्यांवर अडकलीय.
असू दे.
सकाळी खाट भिंतीला लागेलच.