एल्बो

सोमवारी, उद्यमनगर बंद असताना
अण्णांनी लेथवर
करंगळीएवढा पंप कातून दिला.
"एवढ्याशा धारेनं काय भिजणार गं?"
पेशी, म्हटलं. धमनीच्या भिंतीतल्या.
दर ठोक्याला ताणायचं, पुन्हा आवळायचं,
एवढंच येतं त्यांना.

धार सरळ असली की गप्प असतात.
अस्तर खरवडलं, वळणावर प्रवाह घुटमळला,
की आवळणं विसरतात,
वाढतात, सरकतात,
आतल्या बाजूनं बांधकाम काढतात.

"एल्बोत गाळ धरतोय तसंच की.
त्यात शिकायचं काय?"

गाळ बाहेरनं येतो, अण्णा.
इथं भिंतच उठून चालायला लागते.

त्यांनी पाना खाली ठेवला.
तेलकट अंगठा जबड्याखाली,
धमनी दुभंगते तिथं,
बराच वेळ,
बेअरिंगचा आवाज ऐकावा तसा.