दहा फूट

रिंग दहा फुटांवर असते.
बँकॉकला तेवढीच, लुधियान्याला तेवढीच,
आणि रेसकोर्स रोडवर, जिथे एका बाजूची जाळी
मी ओळखते तेव्हापासून फाटकी आहे,
तिथेही दहाच.
या एका गोष्टीवर माझा विश्वास बसला
तेव्हा मी बारा वर्षांची होते
आणि वर्गाच्या फोटोत मला
मागच्या रांगेत, शिपायाशेजारी उभं करत.

बियाबानीतल्या आमच्या दोन खोल्यांत
माझी उंची ही एक अडचण होती.
आई म्हणायची, हिला स्थळ काय शिडी लावून शोधायचं?
आणि लगेच, त्याच दमात,
तेवढा माळ्यावरचा मोठा डबा काढ गं.
मिल बंद पडल्यावर बाबा
औषधांच्या दुकानात हिशेब लिहीत.
मुलींचे बूट माझ्या मापात मिळेनात,
तर सियागंजातून पुरुषांचे आणले, उधारीवर,
आणि घरी सांगितलं, सेल लागलाय.
तो सेल मी अठराची होईपर्यंत चालू होता.

पहाटे पाचला श्रीरंग यायचा सोबत.
अर्धा झोपेत, कानाला मफलर.
त्याला खेळायचं नव्हतं,
मला एकटीला पाठवायचं नव्हतं, एवढंच.
रिंगखाली उभा राहून तो चेंडू परत द्यायचा,
रोज चारशे वेळा.
मी पडलेले मोजायचे, तो चुकलेले,
कारण चुकलेल्यांमागे त्यालाच धावावं लागे
पार नाल्यापर्यंत.

आता माझं सगळं कुणीतरी लिहून ठेवतं.
किती मिनिटं, किती गुण, किती फाउल,
कितव्या मिनिटाला धाप लागली तेसुद्धा.
चेंडू परत देणाऱ्याचा रकाना
मला कुठल्याच देशाच्या तक्त्यात सापडला नाही.

मुलाखतीत विचारतात महत्त्वाकांक्षेबद्दल.
मी सांगते ते त्यांना हवं असतं ते.
खरं सांगायचं तर हॉस्टेलच्या खाटेवर
घोट्यापासून पुढचे पाय बाहेर लोंबायचे,
आणि मला एक पलंग हवा होता
ज्यावर मी पूर्ण मावेन.
पहिल्या कराराच्या पैशांतून केला, सात फुटी, सागवानी.
बाहेरच्या खोलीत तो तिरकाच बसतो.
त्यावर आई-बाबा झोपतात,
दोघं मिळून अर्धाही भरत नाहीत.
मी सुट्टीत आले की खाली गादी टाकते
आणि पाय स्वयंपाकघरात.

श्रीरंगच्या लग्नात मी नव्हते.
उपांत्य सामना होता. जिंकलो.
नंतर बसमध्ये फोनवर फोटो बघितले.
एका फोटोत मागच्या रांगेत मधोमध फट आहे.
फोटोग्राफर म्हणे ओरडत होता,
भिया, बीच में गॅप दिख रहा है, सरको.
कुणी सरकलं नाही.
आत्या नाही, मामा नाही,
बाबा तर फट राखायला हात पसरून उभे.
मला मिळालेल्या पदकांपैकी
एकही मी इतका वेळ बघितलेलं नाही.

यंदा तेहेतीस पूर्ण.
डावा गुडघा जिना चढताना बोलतो,
कधीकधी मी त्याला उत्तर देते.
श्रीरंगचं झेरॉक्सचं दुकान बरं चाललंय, पोट सुटलंय.
परवा पहाटे त्याला उठवून नेला.
म्हटलं, आज तू टाक.
तो म्हणाला, मला कुठे येतं?
वीस वर्षं रिंगखाली उभा राहिलेला माणूस
आणि त्याला खालून कधी वाटलं नव्हतं
की ती एवढी वर आहे.

त्याने दोन्ही हातांनी, कळशी फेकावी तसा, फेकला.
ना रिंगला, ना फळ्याला.
चेंडू टप्पे खात निघाला, फाटकातून बाहेर, उताराकडे.

कराराच्या सातव्या पानावर स्पष्ट लिहिलंय:
सुट्टीत गुडघ्यावर जोर द्यायचा नाही.

ताई, पळ, श्रीरंग ओरडला, नाल्यात जाईल.

मी पळाले.