गल्लीच्या तोंडाला

सोमवार. दुकान बंद. इलाहीची जुनी मोटारसायकल
आणि त्याच्या खिशात यादी:
हातकणंगले, नेज, कुंभोज,
मग नकाशात मुगाएवढी दिसतील तेवढी गावं.
संध्याकाळपर्यंत किती होतात बघू, म्हणाला,
जणू कुपनं फाडत निघालोय.

नेजच्या चौकात एक म्हैस आणि उसाची ट्रॉली
समोरासमोर. दोघींनाही घाई नव्हती.
बाहुबलीच्या डोंगरावरची उभी मूर्ती लांबूनच बघितली.
फोटोत वायरी आल्या.

त्यापुढच्या गावाचं नाव सांगत नाही.
मागचं चाक तिथं बसलं, एवढंच.
पंक्चरवाला पोरगा म्हणाला, "वेळ लागंल. आज्जीकडं टेका."

रत्नाक्का मगदूम. पांढरं लुगडं, हातात घड्याळ नाही.
तिनं नळाचं पाणी दुपदरी फडक्यातून गाळलं,
फडकं उलटं केलं, आणि त्यात जे काही अडकलं होतं
ते हळूच परत पाण्यात सोडलं.
आम्हाला तर त्यात काही दिसलं नव्हतं.

घरात कांदा नाही, बटाटा नाही, लसूण नाही.
दिवेलागणीनंतर ताट नाही.
नातवाच्या ट्रॅक्टरवर मात्र कपाटाएवढा स्पीकर.
"त्येचं त्येला," ती म्हणाली,
आणि उन्हं असतानाच भाकरी, दोडका, शेंगदाण्याची चटणी वाढली.

इलाहीनं विचारलं, "कोल्हापूरला येता का कधी?"
"न्हाई बा. नेम हाय माझा. वीस वरसं झाली.
उगवतीला कृष्णा, मावळतीला ह्यो डोंगर,
वर वारणा, खाली रेल्वेचा रूळ.
एवढ्यातच ऱ्हायचं, असं म्हाराजांफुडं बोललो."

इलाही जन्मभर मोजणी खात्यात.
त्यानं जेवता जेवता चतुःसीमा आखली,
बोटांवर काही गुणलं, आणि गप्प बसला.

"आणि लेक?"
"सांगलीला. ती येती."
"नातू झाला तेव्हा?"
"तवा बी न्हाई."
चटणीची वाटी तिनं उगीचच थोडी सरकवली.

निघताना विचारलं, "कुठल्या पेठंचं तुम्ही?"
"गंगावेशीचा," मी म्हणालो.
तिचं तोंड एकदम पोरीसारखं झालं.
"म्हाएर माझं! जाशील तर बघ बाबा,
आमच्या गल्लीच्या तोंडाला एक..."

आणि थांबली.
हात तोंडापाशी नेला, खाली आणला.
"नगं. माणूस धाडलं तरी गेल्यासारखंच की.
जावा. सावकाश जावा."

परतताना इलाहीनं यादी काढलीच नाही.
सांगली फाट्यावर त्यानं विचारलं, "एक काय असंल?"
झाड? हौद? पिठाची गिरणी?
कुणाचं तरी दार?

आता रोज दुकान उघडायला जाताना
गंगावेशीतल्या एकेका बोळाशी थांबतो.
गल्ली कुठली, तेही तिनं सांगितलं नव्हतं.
पन्नास वर्षं या रस्त्यानं जातोय मी.
एका बोळाच्या तोंडाला, काल दिसली,
दगडी चौथऱ्यात रोवलेली लोखंडी कडी,
हात लागून लागून गुळगुळीत झालेली.

ही असेल. नसेलही.
सांगायचं तर नाहीच आहे कुणाला.